जागेवर ठेवलेलं पुस्तक

कुसकुसच्या भांड्यावरचं झाकण खुळखुळलं आणि सिहेमनं इतका वेळ जपलेली शांतता मोडली. पाळण्यातल्या अझीझनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग तोंड. सिहेमचं पान अर्धंच वाचून झालं होतं. तिनं पुस्तकात बोट तसंच ठेवून एका हातानं बाळाला उचललं, पायानं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कोपरानं गॅस बारीक केला. दुसरं मूल झाल्यापासून तिचं वाचन असंच चालायचं, इकडून तिकडून चोरलेल्या वेळात. नवरा वाजदी समुद्राकाठच्या बंदरात कामाला, महिन्यातून एखाद-दोनदा घरी. पाच वर्षांची बेया प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी. तरी सोमवार त्यातल्या त्यात बरा. सोमवारी वाचनालय बंद असायचं.

त्या सोमवारी तर तिला फारच हलकं वाटत होतं. हिवाळा सरल्यावर घोंगड्या उन्हात टाकून झोडपाव्यात आणि घराचा सगळा कोंदटपणा निघून जावा, तसं. ऐन लूझ या डोंगराखालच्या गावच्या वाचनालयातलं तुंबलेलं काम तिनं एकदाचं हातावेगळं केलं होतं. वाचनालय ते केवढं, दोन खोल्या आणि एक शेगडी. कपाटं अशी गच्च भरलेली की एक पुस्तक काढायला गेलं की शेजारची चार अंगावर यायची. मुलांची नवी पुस्तकं खोक्यातच पडून होती. कित्येक वर्षांत जे पुस्तक कुणी हाताळलं नाही ते बाद करून जागा मोकळी करा, असा वरच्या कचेरीचा हुकूम कधीचा आला होता. लेल्ला मोंजिया, म्हणजे मोंजियाबाई, ग्रंथपाल होत्या तोवर त्यांनी त्या हुकमाला भीक घातली नाही. त्या निवृत्त झाल्या, खुर्ची त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या सिहेमकडे आली. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर सिहेमनं पदर खोचला.

तिनं घाई केली नव्हती. एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलं होतं. देवघेवीच्या संगणकात त्याची कधी नोंद आहे का, संध्याकाळी टेबलावर सापडलेल्या पुस्तकांत ते कधी होतं का, दोन्ही तपासलं होतं. काहींवर जीव जडला म्हणून नियम मोडून ती परत फळीवर लावली. बाकीच्यांवर शिक्का मारला. शनिवारी ट्रक आला आणि पोती भरून राजधानीच्या कागद कारखान्याकडे गेला. मधल्या कपाटाच्या रिकाम्या झालेल्या खालच्या फळीवर तिनं चित्रांची पुस्तकं मांडली. बेयानं त्यातलं एक उलटं धरून वाचूनही काढलं.

गुरुवारी बाजार होता. गुरुवारी डोंगरावरच्या वस्त्यांतल्या बायका अंडी, कोंबड्या, रानओव्याच्या जुड्या घेऊन खाली उतरतात, आणि बाजार आटोपला की परतीच्या बसची वाट पाहत भिंतीच्या सावलीला बसून राहतात. खालती महबूबा मात्र वाचनालयात यायच्या. ऐन लूझमध्ये वयानं मोठ्या बाईला सगळेच खालती म्हणतात, सख्खी मावशी असो नसो. हनुवटीवर गोंदण, अंगावर लाल-काळं लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र, टाचा भेगाळलेल्या. टोपली दाराबाहेर ठेवायच्या. एकदा टोपलीतली न विकलेली कोंबडी आत शिरली होती, तेव्हा लेल्ला मोंजिया म्हणाल्या होत्या, येऊ दे, हिचीही पाटी कोरीच आहे.

लेल्ला मोंजियांच्या प्रौढ बायकांच्या वर्गातच खालती अक्षरं शिकल्या होत्या. शेगडीजवळच्या टेबलाशी बसायच्या, ओळीखाली बोट धरायच्या, ओठ हलवत वाचायच्या. जेमतेम एक पान व्हायचं, तोवर बसचा भोंगा वाजायचा. काय वाचतात ते सिहेमनं कधी पाहिलं नव्हतं. लेल्लांची शिकवणच होती ती, की वाचणाऱ्यानं आपणहून दाखवल्याशिवाय त्याच्या पुस्तकात डोकावू नये, ते दुसऱ्याच्या ताटात पाहण्यासारखं आहे. वर्गातलं एखादं वाचनपाठाचं पुस्तक असेल, किंवा कुराणाचा सोपा अर्थ, असं तिनं मनाशी धरलं होतं.

त्या गुरुवारी खालती मधल्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. वाकून खालच्या फळीवर हात फिरवला. पुस्तकं थोडी बाजूला सारून मागं काही पडलंय का ते पाहिलं. मग काउंटरपाशी आल्या.

"पोरी, माझं पुस्तक हललंय जागेवरून."

"कुठलं हो, खालती? वर्गातलं?"

"लझरचं."

सिहेमला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. पातळ, करड्या पुठ्ठ्याचं पुस्तक. कुणी लझर बिन सालाह नावाच्या शिक्षकानं स्वतःच छापून घेतलेली कादंबरी. एकच प्रत, लेखकाची भेट. ना कधी घरी गेलेली, ना कधी टेबलावर सापडलेली. तिनं स्वतःच्या हातानं त्यावर शिक्का मारला होता.

"ते बांधणीला गेलंय," ती म्हणून गेली. आपल्याच तोंडून हे आलं, हे तिला ऐकल्यावर कळलं. "पानं सुटायला आली होती. पुढच्या गुरुवारी येईल."

खालतींनी मान हलवली. सुटणारच, म्हणाल्या, इतकी बोटं फिरलीत माझी त्याच्यावरून. मग सांभाळून शिवायला सांग हं, असं म्हणाल्या, थोडंच राहिलंय आता माझं. आणि बसचा भोंगा वाजेपर्यंत त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसून राहिल्या.

संध्याकाळी सिहेम दोन्ही मुलांना घेऊन लेल्ला मोंजियांकडे गेली. लेल्ला ओट्यावर ओल्या बाकल्याच्या शेंगा सोलत होत्या. आयुष्यभर पुस्तकं हाताळलेली ती बोटं शेंगाही तशाच उघडायची, पाठीवरून अलगद. सिहेमनं सगळं सांगितलं. लेल्ला ऐकत राहिल्या, मग मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"अगं, सूनबाई घरात आली की आधी झाडूच हातात घेते, ते माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "पण घरची ठेवच झाडून टाकशील असं नव्हतं वाटलं."

टोमणा मारून झाल्यावर त्यांनी सूप आणखी दूर सारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते सिहेमला आधी कळायला हवं होतं. लझर हा खालती महबूबांचा मुलगा. एकुलता एक. पाण्याच्या झऱ्यावरून ज्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्याच घरातली मुलगी त्यानं पसंत केली, आणि बाप हज्ज सालाहनं त्याला घराबाहेर काढलं. नुसतं काढलं नाही. भर अंगणात बायकोकडे बोट करून तलाकची शपथ घातली, की याला दार उघडलंस तर त्या क्षणापासून तू मला हराम. आमच्याकडची ती शपथ. पुरुष रागाच्या भरात घालतो, आणि बाई जन्मभर वाहते. त्याच हिवाळ्यात एका बर्फाच्या रात्री लझर परत आला होता, दार वाजवलं होतं. दार उघडलं नाही. सकाळी उंबऱ्यापर्यंत आलेली आणि परत गेलेली पावलं साऱ्या वस्तीनं पाहिली. पुढे तो समुद्राकाठच्या एका गावी शाळेत शिकवायला लागला, तिथंच त्या मुलीशी लग्न केलं, एक पुस्तक लिहिलं, त्याची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयाला टपालानं पाठवली. आणि मग काही वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. घरच्यांना कळलं तेव्हा माती देऊनही झाली होती.

"त्यानंतर एका गुरुवारी ही बाई आली माझ्याकडे," लेल्ला म्हणाल्या. "म्हणाली, माझ्या पोराचं पुस्तक इथं आहे म्हणे, मला वाचायला शिकव. मी म्हटलं, मी वाचून दाखवते की. तर नको म्हणाली. मधे माणूस नको."

घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. हज्ज सालाह अंथरुणाला खिळला होता तरी कान तिखट होते, आणि त्या घरात लझरचं नाव घ्यायची सोय नव्हती. कुणाला कळू द्यायचं नाही असं खालतींनी लेल्लांकडून वचन घेतलं होतं. बरोबरच होतं ते. ऐन लूझच्या कॅफेत कुणी शिंकलं तर डोंगरावरची माणसं 'देव भलं करो' म्हणतात. सिहेमला मात्र सांगायचं लेल्लांनी ठरवलं होतं. कामाची सोपवणूक करताना शेवटच्या दिवशी सांगू म्हणून ठेवलं होतं, आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्याच दुपारी सिहेमला कळा सुरू झाल्या.

मांडीवरचा अझीझ तेवढ्यात हसला, कुणाला हसला कोण जाणे. दोघी त्याच्याकडे पाहत बसल्या.

पण ते पुस्तक कधीच टेबलावर कसं सापडलं नाही, हे दोघींना कळेना. वाचून झालेलं पुस्तक टेबलावर ठेवा, फळीवर लावू नका, असं वाचनालयात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. टेबलावर उरलेली पुस्तकं ग्रंथपाल संध्याकाळी उचलतो, संगणकात खूण करतो, मग जागेवर लावतो. घरी न जाणारं पुस्तकही जिवंत आहे हे कळायचा तेवढाच मार्ग.

त्या आठवड्यात सिहेमनं आकाशपाताळ एक केलं. ट्रकवाल्याला फोन केला, तो म्हणाला माल कधीच उतरवला. मग बेयाला शेजारी ठेवून, अझीझला छातीशी बांधून ती पहाटेच्या लुआज गाडीत बसली. माणसं भरल्याशिवाय ती गाडी हलत नाही. भरली, हलली, आणि वळणावळणावर अझीझ शेजारच्या म्हाताऱ्याच्या मिशीला हात घालत राहिला. कारखान्याच्या आवारात कागदाचे डोंगर होते. तारांनी आवळलेले गठ्ठे, एकावर एक. पहारेकऱ्यानं बाळाकडे पाहून तिला आत सोडलं. बाई, समुद्रात पडलेलं मीठ शोधायला निघालात, एवढंच म्हणाला, आणि बाळाला घेऊन बसायला सावलीत स्टूल आणून ठेवलं. दुपारपर्यंत ती गठ्ठ्यांच्या कडा चाचपत फिरली. आपल्या वाचनालयाचा शिक्का तिला एका गठ्ठ्यात दिसलाही. तार कापून घेतली, पानं उपसली. एक जुना भूगोल निघाला, मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक निघालं, मुखपृष्ठ फाटलेल्या परीकथा निघाल्या. करडा पुठ्ठा नव्हता. बाकीची पोती, पहारेकरी म्हणाला, सोमवारीच लगद्याच्या हौदात गेली.

सोमवारी. झाकण खुळखुळलं तेव्हा, किंवा ती अर्धं पान वाचत होती तेव्हा.

जिथं पुस्तक छापलं होतं तो छापखाना बंद पडला होता. मालकाच्या मुलानं फोनवर सांगितलं की उरलेल्या प्रती सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या बांधायला गेल्या, आणि तो अगदी ओशाळला. लझरची बायको मोठ्या मुश्किलीनं सापडली. तिच्याकडे दोन प्रती होत्या, पुराच्या वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा सगळंच गेलं. तिनं विचारलं, कोण वाचतंय? सिहेमनं सांगितलं नाही. वाचनालयातली एक वाचक, म्हणाली. फोनच्या त्या बाजूला ती बाई रडायला लागली, की अजून कुणीतरी वाचतंय म्हणून.

मग उरली गावातली माणसं. लेल्लांच्या काळापासून इथं एक रीत होती. पुस्तक उशिरा परत केलं तर दंड नाही, पण काउंटरपाशी उभं राहून, जो कोणी रांगेत असेल त्याला त्यातली गोष्ट सांगायची. वाचली त्याहून जास्त पुस्तकं या गावानं अशी ऐकली आहेत. काही तर मुद्दाम उशीर करायचे. सिहेमनं येईल त्याला विचारायला सुरुवात केली, करड्या पुठ्ठ्याची ती कादंबरी कुणी वाचलीय का, लेखकानं गावात कुणाला प्रती दिल्या होत्या का. निवृत्त पोस्टमन सी तिजानींकडे एक प्रत होती, ती मेहुण्यानं नेली, मेहुणा परदेशी गेला. पण त्यांनी वाचली होती. शेवट चांगला आठवतोय, म्हणाले. मुलगा दार वाजवतो, आई दार उघडते, आणि दोघं उंबऱ्यातच बसून रडतात. त्यांच्याचकडून ती प्रत नेऊन वाचलेली औषधांच्या दुकानातली हयात म्हणाली, छे, असं कुठं आहे? दार उघडत नाही, तो परत फिरतो, आणि बर्फात त्याला आपलीच येतानाची पावलं दिसतात. दोघांची काउंटरपाशी जुंपली. सी तिजानी म्हणाले, मी गोळ्या तुझ्याकडून घेतो, गोष्टी नाही. हयात म्हणाली, तुम्हाला चष्म्याशिवाय पत्तेही चुकीचे दिसायचे, म्हणून तर माझी पत्रं शेजारी जायची. ऐकणारे हसले. सिहेमला हसू आलं नाही.

बुधवारी लेल्ला मोंजिया स्वतः वाचनालयात आल्या, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. नव्या पुस्तकांच्या त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. मग सिहेमला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, की त्यांनी फार वर्षांपूर्वी ते वाचलं होतं, आणि त्यांना वाटतं हयातचं बरोबर आहे. वाटतं, नक्की नाही. पण त्याला महत्त्व नाही. तू सी तिजानीचा शेवट सांग. सांग की पुस्तक हरवलं, पण मी वाचलं होतं, त्यात आई दार उघडते.

सिहेम एक पुस्तक काढून परत लावत राहिली.

"मेलेल्या मुलाच्या वतीनं आईला माफ करायला तुझं काय जातं गं?" लेल्ला म्हणाल्या. "तूही आई आहेस."

सिहेमनं ती रात्र त्याच वाक्याशी झगडत काढली. सी तिजानीचा शेवट खोटा आहे असंही नव्हतं. कुणाला ठाऊक. अझीझला पाजताना तिनं ते शब्द जुळवूनही पाहिले. चांगले जुळत होते. मग तिच्या मनात आलं, त्या माणसानं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. त्यात आईबद्दल जे लिहायचं ते लिहिलं, आणि ते घरी न पाठवता इथं पाठवलं, आपल्या हवाली केलं. त्याचे शब्द एकदा हौदात गेलेत. आता त्यांच्या जागी आपले ठेवायचे? दुसरं मन म्हणायचं, हा तुझा ताठा आहे, म्हातारीच्या उरावर कशाला. तिला झोप लागली तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

गुरुवारी बालवाडीला सुट्टी म्हणून बेया बरोबर होती. ती शेगडीजवळच्या टेबलाखाली रंगखडू घेऊन बसली. खालती महबूबा आल्या. टोपली बाहेर ठेवली, हात वस्त्राला पुसले. बाजारात आज अंडी लवकर संपली, म्हणाल्या, म्हणजे आज जास्त वेळ आहे. त्यांच्या डोळ्यांत सुरमा होता. सिहेमनं तो याआधी कधी पाहिला नव्हता.

सिहेम काउंटरमागून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. उभ्यानं सांगायचा धीर नव्हता. तिनं खरं तेच सांगितलं. बांधणीचं खोटं होतं हे सांगितलं, शिक्का, ट्रक, कारखाना, हौद, छापखाना, सगळं सांगितलं. हे माझ्या हातून झालं, म्हणाली. खालती ऐकताना तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत होत्या.

बाहेर कुणीतरी गाढवाला हाकलत गेलं.

"टेबलावर ठेवायला हवं होतं मी," खालती म्हणाल्या. "लेल्लानं सांगितलं होतं. त्या भिंतीवरही लिहिलंय, ते तर मी पहिलंच वाचलं होतं, वाचायला शिकले तेव्हा."

सिहेमनं भिंतीकडे पाहिलं.

"पण पोरी, टेबलावर उघडं टाकून जायला जीव धजायचा नाही. वाटायचं, कुणीही येईल, कसंही उचलेल. म्हणून मी आपली त्याला जागेवर ठेवून जायची. दोन पुस्तकांच्या मधे, नीट. निजवल्यासारखं." त्यांनी हातानं ते करून दाखवलं, हवेतच, आणि हात परत मांडीवर घेतला. "माझंच चुकलं. तुला कसं कळणार?"

सिहेम म्हणाली, असं म्हणू नका. मग तिला रात्रीचे जुळवलेले शब्द आठवले. ते जिभेच्या टोकावर आले. गावात काही जणांनी वाचलंय, ती म्हणाली, शेवट त्यांना आठवतो. सी तिजानी म्हणतात की...

खालतींनी तळवा वर केला. "तू वाचलंयस?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता.

"नाही, खालती."

"मग राहू दे. माझ्या घराबद्दल गावानं मला पुष्कळ सांगून झालंय."

त्या उठल्या नाहीत. बसला अजून वेळ होता, आणि त्या दर गुरुवारी वेळ होईपर्यंत बसायच्या, तशाच बसल्या. टेबलावर बोट ठेवलं, जिथं ओळ असायची तिथं. मग त्या बोलायला लागल्या, सिहेमशी की आपल्याशी ते कळत नव्हतं.

मी दारापर्यंत पोचले होते, म्हणाल्या. पुस्तकातली रात्र तीच आहे. बर्फ तोच. घरांची नावं बदललीत त्यानं, कुत्र्याचं तेवढं खरं ठेवलंय. तो दार वाजवतो. मग त्यानं लिहिलंय, आतून पावलं वाजली. दारापर्यंत आली आणि थांबली.

"त्याला ऐकू आली होती पोरी, माझी पावलं," खालती म्हणाल्या. "इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली, त्याला वाटलं असेल आई गाढ झोपलीय. पण तो तिथं उभा होता आणि त्याला कळत होतं, मी दाराच्या अलीकडे आहे. हात कडीवर आहे माझा."

तिथं पान संपलं होतं. पान उलटायचं एवढंच राहिलं होतं. उलटलं नाही. बसचा भोंगा वाजला म्हणून, असं त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. भोंगा वाजून ड्रायव्हर पाच माणसांच्या शिव्या खाऊन मग निघतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. धीर झाला नाही, एवढंच. आठ दिवस मन घट्ट करू, मग उलटू, असं म्हणून त्यांनी ते मिटलं आणि जागेवर ठेवलं.

"आठ दिवस आणखी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पुस्तक कुठं जातंय?"

सिहेमनं त्यांचा हात धरला. तो हात खरखरीत आणि थंड होता, आणि तो तिच्या हातात काही न करता राहिला, ना सोडवून घेतला, ना उलट धरला. बाहेर भोंगा वाजला. आज खालती पहिल्याच भोंग्याला उठल्या. खुर्ची टेबलाखाली नीट सारली. दारात जाऊन टोपली डोक्यावर घेताना त्या वळल्या आणि विचारलं, त्या फळीवर आता ती नवी पुस्तकं कसली ठेवलीस?

"मुलांची पुस्तकं," सिहेम म्हणाली. "चित्रांची."

बरं केलंस, म्हणाल्या. आणि उतारावरून निघाल्या, घाई न करता, टोपलीला हात न लावता.

सिहेम खिडकीशी उभी राहिली. बस हलली, वळणाआड गेली, धूळ खाली बसली. टेबलाखालून बेया बाहेर आली. तिची बोटं निळी झाली होती, गालावरही निळं लागलं होतं. ती खालतींच्या खुर्चीवर चढून बसली, पाय हलवत थोडा वेळ गप्प राहिली. बेया गप्प बसली की ती काहीतरी जुळवत असते, हे सिहेमला ठाऊक होतं.

"उम्मी," ती म्हणाली, "मग त्या आईनं दार उघडलं का?"